तो बाण उलटा छापलाय, सुरी पट्ट्यावर पाठीकडे ओढायची असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघराच्या टिप्सचं पान होतं, त्यात खाली कोपऱ्यात सुरीला चामड्याच्या पट्ट्यावर धार कशी लावायची त्याचं एक चित्र दिलंय तुम्ही. चित्र चांगलंय, हात पण छान काढलाय, फक्त बाण उलटा आहे. सुरीची धार पुढे आणि बाण पण पुढे, म्हणजे सुरी सरळ पट्ट्यात घुसणार. कोणी खरंच असं करून बघितलं तर पहिल्याच ओढीत चामड्याची साल निघेल, आणि पट्टा हातात धरलेला असला तर काय होईल ते लिहीत नाही. पाठ पुढे, धार मागे, ब्रेडला लोणी फासताना सुरी जशी ओढतो तशी. एवढी दुरुस्ती छापली तरी माझं काम झालं, पण त्याच चौकटीत शेवटी एक वाक्य होतं की "धार गेली की नवी सुरी घेतलेलीच परवडते", ते वाचून चहा गार झाला माझा, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, हवं तिथे कात्री लावा.

मी अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 31 वर्षं काढली. तिथे पहिल्या वर्षी जो शब्द शिकलो तो म्हणजे बर. लोखंड घासलं की कडेला जो बारीक ओठ उभा राहतो तो बर. डोळ्याला दिसत नाही पण अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच नेऊन बाहेर सोडला (धारेवरून लांबीने नाही हं, आडवा) की खरखर लागते, नाहीतर कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकतात. सुरी दगडावर घासली की दोन्ही बाजू झिजत झिजत जिथे भेटतात तिथे स्टील इतकं पातळ होतं की ते घासलं न जाता वाकतं, एका बाजूने घासलं तर दुसऱ्या बाजूला वळतं, दुसऱ्या बाजूने घासलं तर परत इकडे. दगडावर कितीही घासा, थोडी बर राहतेच.

आता होतं काय, आपण गल्लीत आलेल्या धारवाल्याकडे सुरी देतो, तो सायकलचं पायडल मारून ठिणग्या उडवतो, पोरं जमा होतात, सुरी हातात येते तेव्हा कागदच काय नख पण कापेल अशी वाटते, आणि चौथ्या दिवशी टोमॅटोवरून घसरते. मग आपण म्हणतो फसवलं. फसवलं नाही हो, बर तशीच राहिली, ती पहिल्या दोन दिवसांत वाकून धारेवर आडवी झाली, आणि बोथट वाटते ती त्या वाकलेल्या ओठामुळे. त्याने अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं चामड्यावर होतं आणि ते करायचं असतं हेच आपण विसरलो. मी स्वतः विळी आणि कोयता अजून त्यांच्याकडेच देतो, फक्त सुरी देताना सांगतो की दादा चाकाला दाबून धरू नका, कारण कोरड्या चाकावर पातळ कड इतकी तापते की पाणी उतरतं, म्हणजे स्टीलचा कडकपणा जातो, आणि साध्या लोखंडी सुरीवर निळी झाक दिसली की समजायचं तेवढ्या भागातलं पाणी गेलं, तिथे धार टिकणार नाही. ते प्लास्टिकचं यंत्र मिळतं ना, दोन पात्यांच्या फटीतून सुरी ओढायची, ते तर धार लावत नाही, गाजर सोलल्यासारखं स्टील सोलतं. वेळेला चालतं, रोज नको.

न्हाव्याचा पट्टा आमच्या पिढीने बघितलेला आहे. पंचवटीत आजोबांबरोबर जायचो तेव्हा खुर्चीच्या बाजूला खिळ्याला तो लटकलेला असायचा, काका त्याचं टोक डाव्या हाताने ताणायचे आणि उजव्या हाताने वस्तरा पट-पट-पट, इतकं झटपट की मला वाटायचं हे नुसतं गिऱ्हाइकाला दाखवायला. खूप वर्षांनी कळलं त्यातली गोम काय ते. वस्तऱ्याची पाठ जाड आणि बाजू पोखरलेल्या असतात, त्यामुळे आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकतात, कोन आपोआप जमतो, हाताला विचार करावा लागत नाही. आणि टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर पलटी, धार कधीच चामड्यात घुसत नाही. आता सगळीकडे फेकायची ब्लेडं आली, तेच बरं आहे, कोणाच्या रक्ताचा प्रश्न नको, पण पट्टा दिसेनासा झाला आणि त्याच्याबरोबर ती अक्कल पण गेली. घरातल्या सुरीचं तसं नसतं, पाठ पातळ आणि पातं रुंद, कोन आपल्यालाच धरावा लागतो, आणि लटकता पट्टा मध्ये झोळ खातो त्यामुळे धार गोल होते. म्हणून सुरीसाठी चामडं लाकडावर चिकटवलेलं बरं.

आता माझे उद्योग सांगतो, कारण तुमच्या चौकटीत "जुना बेल्ट घ्या" एवढंच लिहिलंय आणि मी त्यात दोनदा आपटलोय.

पहिला पट्टा मी जुन्या कोल्हापुरीचा केला. डोकं असं चालवलं की कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, ते घट्ट असतं, दाबलं तर स्पंजासारखं बसत नाही, पट्ट्याला अगदी हवं तसं. तळव्याचा थर सोडवला, ब्रशने धुतला, सावलीत वाळवला, फळीवर लावून ओट्यावर ठेवला. आमची ही आली, बघितलं, म्हणाली हे काय आहे. सांगितलं. म्हणाली, "उद्या ह्याच सुरीने नैवेद्याची काकडी चिरायची आहे, लक्षात आहे ना?" मी म्हटलं अगं धुतलीय स्वच्छ. ती म्हणाली, "चप्पल धुतली म्हणून ताट होत नाही." विषय संपला. पण खरं सांगायचं तर तिचंच बरोबर निघालं आणि वेगळ्याच कारणाने, सुरी उजेडात धरली तर पात्यावर ओरखडे, कारण बारा वर्षं रस्त्यावर फिरलेल्या चामड्यात रेतीचे कण इतके रुतलेले असतात की ते ब्रशने निघत नाहीत. पट्ट्यावर एक जरी खडा असला तर तो धारेचा सत्यानाश करतो.

दुसरा केला तो माझ्या ऑफिसच्या बेल्टचा. बक्कल काढलं, चिकटवलं, आठ दिवस मस्त चाललं, नवव्या दिवशी वरचं काळं कातडं पापडासारखं सुटलं आणि आत पुठ्ठा. म्हणजे इतकी वर्षं मी कमरेला पुठ्ठा बांधून कामाला जात होतो. तेव्हा बेल्ट घेण्याआधी त्याची कापलेली कड बघा, खऱ्या चामड्यात गुंतलेले तंतू दिसतात, कापडाची वीण किंवा फोम दिसला तर ठेवून द्या.

तिसऱ्या वेळेला शहाणपण सुचलं आणि पवननगरच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसतात त्यांच्याकडे गेलो, म्हटलं चामड्याचा एक सरळ तुकडा द्या वीतभर. त्यांनी ढिगातून एक ओढला, मापाने कापायला रापी उचलली, आणि कापायच्या आधी समोरच्या लाकडी ठोकळ्यावर चामड्याची एक काळी पडलेली चिंधी खिळ्यांनी ठोकलेली होती, तिच्यावर रापी दोनदा मागे ओढली, एकदा ह्या बाजूने एकदा त्या बाजूने, माझ्याशी बोलता बोलता, बघितलं पण नाही तिकडे. मग रापी त्या जाड चामड्यातून अशी गेली जशी खरवसातून जावी. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर माझ्याकडे बघत म्हणाले ह्यात शिकायचं काय. 31 वर्षं टूलरूममध्ये काढून मी जे पुस्तकातून आणि नेटवरून गोळा करत होतो ते घरापासून दहा मिनिटांवर रोज चालू होतं. तुकड्याचे 40 रुपये घेतले त्यांनी, ते पण मी हट्ट केला म्हणून.

आता कृती. 30 सेमी लांब आणि 6 सेमी रुंद प्लायचा तुकडा, सुताराकडे असे पडलेले असतात, फक्त सपाट बघून घ्या, वाकडा नको. चामडं साधारण 3 मिमी जाड. फेव्हिकॉल पातळ पसरवायचा, जुन्या एटीएम कार्डाने ओढून घ्यायचा, मी पहिल्यांदा ढिगाने ओतला आणि खाली गाठी राहिल्या, त्या गाठींवरून सुरी दर वेळी उड्या मारायची. चिकटवल्यावर वर दुसरी फळी, तिच्यावर पाटा-वरवंटा किंवा गव्हाचा डबा, आणि रात्रभर हात लावायचा नाही. चामड्याला दोन बाजू असतात, एक गुळगुळीत आणि एक आतली खरबरीत. खरबरीत बाजू वर ठेवा कारण तिच्यात मसाला (चामड्यावर घासायची वडी, पुढे सांगतो) धरतो. फारच लव असेल तर पॉलिश पेपर एकदा फिरवायचा. जमलं तर फळीच्या दुसऱ्या बाजूला एक तुकडा गुळगुळीत बाजू वर करून लावा, तो कोरडाच ठेवायचा, शेवटच्या पाच-सात ओढींसाठी.

मसाला म्हणजे बफिंगची हिरवी वडी. स्टीलची भांडी, नळ, गाडीचे पार्ट चकाकवायला ती वापरतात, हार्डवेअरमध्ये मिळते, मला 120 रुपयाला पडली आणि माझ्या हयातीत संपेल असं वाटत नाही. तिच्यातला हिरवा रंग हा क्रोमियम ऑक्साइडचा, आणि हा नुसता रंग नाही, कडक केलेल्या स्टीलपेक्षा तो कठीण असतो आणि कण इतके बारीक की चांगल्या वडीत साधारण अर्धा मायक्रॉन धरतात. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून तो स्टील खातो पण ओरखडा दिसत नाही, चकाकीच येते. वडी मेणासारखी असते, चामडं उन्हात दहा मिनिटं तापवून खडूने पाटीवर घासतो तशी घासायची, पातळ थर, चामडं खालून दिसलं पाहिजे. लोक थापतात पोळीवर तूप थापल्यासारखं, त्याने गोळे होतात. वडी नाही मिळाली तर घरातला ब्रासो दोन थेंब चोळून वाळू दिला तरी काम भागतं, वास मात्र दोन दिवस जात नाही. आणि काहीही लावलेलं असो, सुरी भाजीला घ्यायच्या आधी साबणाने धुवायचीच, हे सांगायला नको पण सांगतो.

मग ओढ. सुरी आडवी ठेवा, पाठ थोडी उचला. पातं 4 सेमी रुंद असेल तर पाठ 1 सेमी वर राहिली की कोन साधारण 15 डिग्री होतो, आपल्या घरच्या सुऱ्यांना 15 ते 20 मध्ये कुठेही चालतं, कोन किती ह्यापेक्षा तो प्रत्येक ओढीला तोच राहणं महत्त्वाचं. कळत नसेल तर धारेच्या कडेला मार्कर पेनाने काळं करा आणि चार ओढी मारून बघा, धारेपाशीचा रंग निघाला तर कोन बरोबर, वरचाच निघाला आणि कड काळीच राहिली तर पाठ अजून उचला. दाब नाही. सुरीचं स्वतःचं वजन आणि वर बोटांचा नुसता भार. दाबलं की चामडं खाली बसतं आणि धारेच्या पुढून वर येतं, मग कड गोल होते, तुम्ही मेहनत करून सुरी बोथट करताय. ओढ संपली की आधी थांबायचं मग उचलायचं, मनगट वळवून उचललं की टोकाची धार मरते, ही चूक मी अजूनही करतो. दहा ह्या बाजूने, दहा त्या बाजूने, मग एक-एक आलटून पालटून. चार-पाच ओढींनंतर हिरव्यावर काळ्या रेघा दिसायला लागतात, त्या म्हणजे तुमच्या सुरीचं स्टील. मला तर त्या रेघा बघितल्या की अजून बरं वाटतं, कामावर असल्यासारखं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, पट्टा म्हणजे जादू नाही. सुरी पार ठोंब्या झाली असेल तर आधी दगड लागतो, ऑइल स्टोन घ्या, नाहीतर चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी खरबरीत, बिनचकाकीची कड असते तिच्यावर पाणी लावून घासा, ही टीप तुमच्या पानावर होती आणि ती बरोबर आहे. त्यानंतर पट्टा. आणि एकदा धार बसली की आठवड्याला दोन मिनिटं पट्टा मारला तर दगडाकडे परत जायला आमच्याकडे तरी पाच-सहा महिने लागतात. ब्रेडच्या दातेरी सुरीला ह्याचा उपयोग नाही. विळीचं पातं वाकडं असतं त्यामुळे सपाट फळी चालत नाही, त्याला मी नातवाच्या मोडक्या स्टंपला चामडं गुंडाळलंय आणि विळी जागेवर ठेवून स्टंपच फिरवतो, पाठीकडून धारेकडे आणि बाहेर, हळू.

माझा भाचा दिंडोरीकडे द्राक्षबाग करतो, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मी एक फळी त्याच्या शेडमध्ये टांगून आलो. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार एकाच बाजूने उतरती असते आणि दुसरी बाजू सपाट, मजूर दोन्ही बाजूंनी सारखीच घासतात आणि मग पाती एकमेकाला चिकटून बसत नाहीत, काडी कापली न जाता चेमटते. उतरत्या बाजूने दहा-पंधरा ओढी, सपाट बाजू एकदम आडवी टेकवून दोन, फक्त बर काढण्यापुरत्या. आधी पात्यावरचा वाळलेला रस पुसायचा. पहिल्या दिवशी हसले सगळे, मामा चामडं घेऊन आले म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघी जणी फळीपाशी उभ्या होत्या, म्हणाल्या मनगट भरून येत नाही. आता भाचा म्हणतो अजून दोन करून द्या.

आणि हे सगळं करायचं नसेल, चामडं नाही, वडी नाही, वेळ नाही, तर तुमचा पेपर आहेच. चेष्टा नाही करत. पेपराच्या चार घड्या करून फळीवर किंवा ओट्याच्या सरळ कडेवर ठेवा आणि त्याच पद्धतीने, पाठ पुढे, वीस-पंचवीस ओढी मारा. छपाईच्या काळ्या शाईत काजळी असते आणि कागद स्वतःच जरा घासतो, बारीक बर निघून जाते. हिरव्या वडीची सर नाही पण फुकट आहे. धार तपासायला पण पेपरच घ्या. पेपर वरून खाली फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो, कारण कागदाचे तंतू उभे असतात, म्हणून परीक्षा आडव्या कापात घ्यायची. एका हाताने पान लटकवा, सुरी बाजूच्या उभ्या कडेला टेकवून आडवी न्या. कुठे अडली, फाटली, तर त्याच जागी धारेवर खोट आहे, तेवढ्याच भागाला अजून ओढी द्या. मी हे पत्र लिहायच्या आधी तुमचं ते टिप्सचंच पान कापून बघितलं, उलट्या बाणाच्या बरोबर मधून गेली सुरी, आवाज पण आला नाही.

तेवढा बाण पुढच्या रविवारी सरळ करून छापा.

आपला एक जुना वाचक,
सिडको, नाशिक

ता.क. – पावसाळ्यात फळी कपाटात कोंडून ठेवू नका, आमच्या पहिल्या वर्षीच्या फळीला श्रावणात पांढरी बुरशी आली होती. भिंतीला खिळ्यावर टांगा, वारा लागू द्या. मसाला काळा कुळकुळीत झाला की पॉलिश पेपरने हलकेच खरवडून वडी परत घासायची, चामडं तेच राहतं.